९२ लाख कोटींचा हिशेब
(एका शोधनिबंधाचे परीक्षण)

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की प्रत्येक शिक्षकापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. साठ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आहे. एक एक उत्तरपत्रिका पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत तपासून बाजूला ठेवायची, की आधी साठही जणांचा पहिला प्रश्न तपासायचा, मग सर्वांचा दुसरा? अनुभवी शिक्षक बहुधा दुसरी पद्धत पत्करतात. पहिल्या प्रश्नाचे नमुना-उत्तर, गुणांची विभागणी, अर्धा गुण कोठे कापायचा, हे सारे एकदा डोक्यात बसले की साठ वेळा कामी येते. पहिल्या पद्धतीत मात्र दर प्रश्नाला नमुना-उत्तरांचा कागद पुन्हा उलटावा लागतो. तपासण्याचे श्रम दोन्हीकडे तेवढेच. फरक पडतो तो कागद उलटण्यात.

दुसऱ्या पद्धतीचीही एक किंमत असते. सर्वांचा शेवटचा प्रश्न तपासून होईपर्यंत एकाही मुलाचा निकाल तयार होत नाही. पहिल्या पद्धतीत पहिल्या मुलाचे गुण दहा मिनिटांत हाती येतात. म्हणजे श्रम वाचतात ते शिक्षकाचे आणि थांबावे लागते ते विद्यार्थ्याला.

हे उदाहरण लक्षात ठेवून आपण एक शोधनिबंध वाचणार आहोत. गूगल कंपनीने चेताजालांच्या (न्यूरल नेटवर्कच्या) आकडेमोडीसाठी ‘टीपीयू’ नावाची एक चिप तयार केली आणि २०१५ पासून ती आपल्या संगणककेंद्रांत वापरली. नॉर्मन जूपी, डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (लेखकांची संख्या सत्तरहून अधिक आहे!) जून २०१७ मध्ये टोरोंटो येथील संगणकरचनेच्या परिषदेत तिच्याविषयी निबंध सादर केला. ही चिप सेकंदाला ९२ लाख कोटी क्रिया करू शकते आणि त्या काळच्या इतर चिपांपेक्षा सरासरी १५ ते ३० पट वेगवान आहे, असे तिच्या सारांशात म्हटले होते. वर्तमानपत्रांपर्यंत पोचले ते हेच आकडे. निबंधाच्या पोटात मात्र याहून वेगळे आणि अधिक शिकवणारे आकडे आहेत. या परीक्षणाचा विषय ते पोटातले आकडे आहेत.

आणण्याचा खर्च

चेताजाल हे नाव भारदस्त असले तरी त्याचे काम शाळेतल्या गणिताचे आहे. जालाला शिकवताना ठरलेल्या लाखो-कोटी संख्या असतात. त्यांना भारांक म्हणू. समोर आलेल्या चित्राचे किंवा आवाजाचे आकडे या भारांकांनी गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची, ती पुढच्या थराला द्यायची. गुणाकार आणि बेरीज, गुणाकार आणि बेरीज, इतकेच काम, पण अफाट वेळा.

अलेक्सनेट हे २०१२ सालचे प्रसिद्ध जाल घ्या. एक चित्र ओळखायला त्याला सुमारे ७२ कोटी ४० लाख गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. प्रत्येक वेळी तीन आकडे आणायचे (भारांक, चित्रातला आकडा आणि आतापर्यंतची बेरीज) आणि नवी बेरीज परत ठेवायची. सारे काही चिपबाहेरच्या मुख्य मेमरीत ठेवले तर एका चित्रासाठी २८९ कोटी ६० लाख खेपा होतील. पण एकदा आणलेला आकडा चिपमध्येच ठेवून त्याची शक्य तितकी सगळी कामे उरकून घेतली, तर सर्वोत्तम स्थितीत या खेपा ६ कोटी १० लाखांवर येतात. आकडेमोड तेवढीच राहते आणि खेपा जवळजवळ सत्तेचाळीसपट कमी होतात.

खेपांची इतकी चिंता का करायची? कारण महाग खेपच असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेले आकडे या क्षेत्रात पाठ झाले आहेत. ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपवर ३२ बिटांच्या दोन अपूर्णांकी संख्यांचा गुणाकार करायला सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते. तेवढाच एक आकडा चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला मात्र सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे १७० पट. चिपमधल्याच छोट्या मेमरीतून तो आणायला पाचेक पिकोज्यूल पुरतात. घरात कोथिंबीर असताना जुडीसाठी मंडईत जाण्यासारखे हे आहे.

ऊर्जेइतकीच वेळेचीही अडचण आहे. मेमरीतून सेकंदाला ठरावीक बाइटच बाहेर येऊ शकतात. या मर्यादेला बँडविड्थ म्हणतात. गुणाकार करणारे कितीही वाढवले तरी आकडेच पोचले नाहीत तर ते हात बांधून बसतात.

हृदयाची उपमा

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायसरसन यांनी १९७८ च्या सुमारास तो मांडला आणि कुंग यांनी १९८२ मध्ये एका सुबोध लेखात तो समजावून सांगितला. त्यांचे उदाहरण असे: मेमरीतून सेकंदाला एक कोटी बाइट येतात आणि एका क्रियेला दोन बाइट लागतात. मग प्रोसेसर कितीही चपळ असो, सेकंदाला ५० लाखांपेक्षा अधिक क्रिया होणार नाहीत. आता एका प्रोसेसरऐवजी सहा प्रोसेसर रांगेत बसवा. मेमरीतून आलेला आकडा पहिल्याने वापरून दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. मेमरी तीच, पण क्रिया तीन कोटींपर्यंत जाऊ शकतात.

या रचनेला त्यांनी ‘सिस्टॉलिक’ असे नाव दिले. रक्तदाबाचा वरचा आकडा सांगताना डॉक्टर हाच शब्द वापरतात. सिस्टोल म्हणजे हृदयाचे आकुंचन. हृदय ठोक्यागणिक रक्त पुढे ढकलते आणि ते शरीरभर फिरून परत येते; तसेच मेमरी ठोक्यागणिक आकडे ढकलते आणि परत येण्याआधी ते अनेक प्रोसेसरांतून फिरून येतात. शास्त्रीय लेखनात इतकी चपखल उपमा क्वचित सापडते.

टीपीयूचे हृदय हेच आहे. तिच्यात २५६ ओळी आणि २५६ रांगा असे ६५,५३६ गुणक आहेत. प्रत्येक गुणकात एक भारांक बसवून ठेवायचा. आकडे डावीकडून शिरतात आणि ओळीतून पुढे सरकतात. बेरजा वरून खाली उतरतात. एक आकडा एकदाच वाचला जातो आणि २५६ गुणकांच्या हाताखालून जातो. चिपवर एकूण २८ मेगाबाइट मेमरी आहे. भारांक मात्र चिपबाहेरच्या मेमरीत असतात आणि तेथून सेकंदाला ३४ गिगाबाइट, म्हणजे ३,४०० कोटी बाइट एवढेच येऊ शकतात.

निबंधाचे बळ

आता जाहीर झालेला आकडा तपासू. विद्यार्थ्यांकडूनही हे करून घ्यावे. ठोके सेकंदाला ७० कोटी आणि गुणक ६५,५३६. गुणाकार केला की सुमारे ४६ लाख कोटी येतात. प्रत्येक वेळी एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया मोजल्या की झाले ९२ लाख कोटी. आकडा खरा आहे. पण तो साठही मुले वर्गात असतील आणि एकही क्षण रिकामी बसणार नाहीत, असे गृहीत धरून काढलेला आहे.

दुसरा भागाकार अधिक महत्त्वाचा. ४६ लाख कोटी गुणाकार-बेरजांना ३,४०० कोटी बाइटांनी भागा. उत्तर येते सुमारे १,३५०. म्हणजे बाहेरून आणलेला प्रत्येक भारांक (तो एका बाइटाचा आहे) १,३५० वेळा वापरला गेला तरच ही चिप आपल्या पूर्ण वेगाने चालेल. त्याहून कमी वापर झाला तर वेग मेमरी ठरवणार.

मग प्रत्यक्ष कामात भारांकांचा वापर किती वेळा होतो? लेखकांनी आपल्या केंद्रांतील सहा जाले घेतली. टीपीयूवरील ९५ टक्के काम त्यांत येते. दोन बहुस्तरी जाले, भाषा व आवाजासाठीची दोन एलएसटीएम जाले आणि दोन कॉन्व्होल्यूशन जाले. तक्ता असा आहे. पहिला आकडा भारांकाच्या एका बाइटमागे होणाऱ्या गुणाकार-बेरजा, दुसरा प्रत्यक्ष वेग (सेकंदाला लाख कोटी क्रिया), तिसरा इंटेलच्या त्या वेळच्या प्रोसेसरच्या किती पट काम झाले तो.

बहुस्तरी, पहिले: २००, १२.३; ४१ पट
बहुस्तरी, दुसरे: १६८; ९.७, १८.५ पट
एलएसटीएम, पहिले: ६४, ३.७, ३.५ पट
एलएसटीएम, दुसरे: ९६, २.८, १.२ पट
कॉन्व्होल्यूशन, पहिले: २,८८८, ८६, ४०.३ पट
कॉन्व्होल्यूशन, दुसरे: १,७५०, १४.१; ७१ पट

हा तक्ता छापल्याबद्दल लेखकांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. ९२ ची घोषणा करणारी मंडळी स्वतःच दाखवतात की एका खऱ्या कामात त्यांची चिप २.८ वर, म्हणजे क्षमतेच्या तीन टक्क्यांवर चालली. आपल्या यंत्राचे इतके प्रांजळ प्रगतिपुस्तक फार थोडे निर्माते लोकांपुढे ठेवतात.

या तक्त्यातून खरा धडा मिळतो. चिप तीच, तार तीच, मेमरी तीच. वेग मात्र २.८ पासून ८६ पर्यंत बदलतो. असे का व्हावे? कॉन्व्होल्यूशनमध्ये भारांकांची एक छोटी चौकट चित्रभर सरकवली जाते. तोच भारांक चित्राच्या शेकडो-हजारो जागी वापरला जातो. एका आदर्श उत्तरावर साठ उत्तरपत्रिका तपासण्याचाच हा प्रकार आहे. बहुस्तरी आणि एलएसटीएम जालांत मात्र एका प्रश्नासाठी प्रत्येक भारांक आणायचा, एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा. अलेक्सनेटच्या एकाच जालात हे दोन्ही दिसते. त्याच्या कॉन्व्होल्यूशन थरांत सुमारे २३ लाख भारांक आहेत आणि ६६ कोटी ६० लाख गुणाकार-बेरजा, म्हणजे प्रत्येक भारांक सरासरी २९० वेळा कामी येतो. शेवटच्या तीन पूर्ण-जोडणीच्या थरांत भारांक ५ कोटी ८६ लाख आणि गुणाकार-बेरजाही ५ कोटी ८६ लाख. प्रत्येकाच्या वाट्याला एकच वापर.

तेव्हा पुनर्वापर हा मुळात कामाचा गुण आहे, यंत्राचा नाही. कामात तो असेल तर चांगले यंत्र त्याचे पीक पदरात पाडून घेते. कामात नसेल तर ६५,५३६ गुणकही तो निर्माण करू शकत नाहीत. निबंध हे सूत्ररूपाने कोठे म्हणत नाही, पण त्याचा प्रत्येक तक्ता हेच सांगतो.

सरासरीचा फसवेपणा आणि मोठेपणाचा भ्रम

तक्त्यात एक विसंगती आहे आणि विद्यार्थ्यांनी ती स्वतः शोधावी. दुसऱ्या कॉन्व्होल्यूशन जालात एका बाइटमागे १,७५० वापर आहेत. ते १,३५० पेक्षा अधिक. मग वेग ९२ च्या आसपास हवा. प्रत्यक्षात तो १४.१ का?

लेखकांनी उत्तर शोधून दिले आहे. १,७५० ही सरासरी आहे. त्या जालात चार थर पूर्ण-जोडणीचे आहेत आणि तेथे वापर फक्त ३२ आहे. चिपचा सुमारे ३५ टक्के वेळ त्या चार थरांच्या भारांकांची वाट पाहण्यात गेला. शिवाय काही थर इतके अरुंद आहेत की निम्म्याच्या आसपास गुणकांना उपयुक्त भारांकच मिळाला नाही. वर्गाची सरासरी ६० टक्के आली म्हणून वर्गातील प्रत्येक मूल पास झाले असे आपण कधी म्हणत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र सरासरीवर चटकन विश्वास ठेवतो.

दुसरा सुंदर भाग आहे ‘असे केले असते तर’ या प्रश्नाचा. लेखकांनी चिपचा एक एक घटक बदलून परिणाम काढला. मेमरीची बँडविड्थ चौपट केली तर सरासरी वेग तिप्पट होतो. ठोके चौपट केले तर बहुस्तरी आणि एलएसटीएम जालांना जवळपास काहीच लाभ नाही. आणि गुणकांचा चौकोन २५६ वरून ५१२ केला, म्हणजे गुणक चौपट केले, तर वेग किंचित कमीच होतो!

हे खोटे वाटेल, पण हिशेब पाचवीचा आहे. एका जालातील कोष्टक ६०० × ६०० आहे. २५६ ची फरशी वापरली तर प्रत्येक बाजूला तीन, एकूण नऊ फरश्या लागतात. प्रत्येकीला दोन मायक्रोसेकंद, म्हणजे १८. फरशी ५१२ ची घेतली तर चारच लागतात. पण मोठी फरशी मेमरीतून आणायला चौपट, म्हणजे आठ मायक्रोसेकंद लागतात. एकूण ३२. कडेच्या फरश्यांचा बराचसा भाग वायाही जातो. गवंड्याला हे सांगावे लागत नाही. कंपनीच्या पुढच्या पिढीच्या चिपमध्ये चौकोन १२८ चा झाला आणि मेमरीची बँडविड्थ पंधरापटीहून अधिक वाढली. म्हणजे लेखकांचा धडा त्यांच्याच संस्थेने गिरवला.

निबंधाची उणी बाजू

आता तक्रारी. पहिली सारांशाविषयी. सारांशात ९२ आहे, २.८ नाही. ‘सरासरी १५ ते ३० पट’ आहे, पण एका कामात हा लाभ १.२ पट आणि दुसऱ्यात ७१ पट होता हे नाही. शोधनिबंधाचा सारांश हजार जण वाचतात आणि तक्ते दहा जण. हे लेखकांना ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. मेमरी बदलली असती तर वेग तिप्पट झाला असता, ही कबुली सारांशात आहे; एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. टीपीयू ८ बिटांच्या पूर्णांकांवर चालते. तुलनेतले प्रोसेसर मुख्यतः ३२ बिटांच्या अपूर्णांकांवर चालवले होते. आकडा चौपट लहान केला की मेमरीवरचा भार पुनर्वापराशिवायच चौथाईवर येतो. लेखक स्वतःच सांगतात की एका जालावर सामान्य प्रोसेसरलाही ८ बिटांचे काम दिले तेव्हा त्याचा वेग सुमारे साडेतीनपट झाला. मग १५ ते ३० पटींतला किती वाटा सिस्टॉलिक रचनेचा, किती लहान आकड्यांचा आणि किती जुन्या प्रतिस्पर्ध्याचा? निबंध ही वाटणी करून देत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आपण आठवीच्या मुलांना सांगतो. ‘असे केले असते तर’ या भागात पाळलेली ही शिस्त तुलनेच्या भागात सैल झाली आहे.

तिसरी तक्रार: ती सहा जाले कंपनीच्या घरातली आहेत. बाहेरच्या कोणालाही तीच जाले घेऊन तेच मोजमाप करून पाहता येत नाही. याउलट एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली ‘आयरिस’ नावाची १६८ गुणकांची छोटी चिप मांडली, ती सर्वांना उपलब्ध असलेल्या अलेक्सनेटवर. तिची चाचणी कोणीही पडताळू शकतो. भारांक स्थिर ठेवायचे, बेरजा स्थिर ठेवायच्या की चित्राच्या ओळी स्थिर ठेवायच्या, याची तुलना त्यांनी एकाच मापाने केली आणि ओळी स्थिर ठेवण्याची पद्धत कॉन्व्होल्यूशन थरांत ऊर्जेच्या दृष्टीने १.४ ते २.५ पट सरस ठरली. पण येथे गूगलच्या निबंधाचा टोलाही योग्य आहे: संशोधक कॉन्व्होल्यूशनवर लक्ष देतात, आणि केंद्रातल्या कामात तिचा वाटा फक्त ५ टक्के होता. ज्या विषयात मूल हुशार त्याचीच परीक्षा घेण्यासारखे ते झाले. आयरिसच्या कर्त्यांनी २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कमी पुनर्वापराच्या थरांचाही विचार केला, हे नोंदवले पाहिजे.

थांबायचे कोणी?

चौथा मुद्दा तक्रारीचा नाही, विचाराचा आहे. बहुस्तरी जालात एका प्रश्नामागे भारांक एकदाच वापरला जातो असे वर म्हटले. मग तक्त्यात २०० कोठून आले? उत्तर: गठ्ठ्यातून. दोनशे जणांचे प्रश्न एकत्र करायचे आणि एकदा आणलेला भारांक दोनशे वेळा वापरायचा. हा पुनर्वापर माणसांना रांगेत उभे करून मिळवलेला आहे.

म्हणूनच वेळेची मर्यादा येते. एका बहुस्तरी जालासाठी अट होती की १०० पैकी ९९ उत्तरे ७ मिलिसेकंदांत मिळाली पाहिजेत. टीपीयूने दोनशेचा गठ्ठा ७ मिलिसेकंदांत उरकला. अडीचशेचा केला तर १० लागले. सामान्य प्रोसेसरला सोळाच्या गठ्ठ्यालाच ७.२ मिलिसेकंद लागले आणि चौसष्टच्या गठ्ठ्याला २१.३. मोठा गठ्ठा केला की सर्वच यंत्रे कागदावर वेगवान दिसतात. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र ‘एकूण किती जणांची उत्तरे झाली’ यापेक्षा ‘माझे उत्तर कधी’ हेच हवे असते. हे दोन वेगळे वेग आहेत, आणि या निबंधाने ते वेगळे मोजले, ही त्याची सर्वांत टिकाऊ कामगिरी मला वाटते.

आज हा मुद्दा अधिकच तीव्र झाला आहे. एक एक शब्द जोडत मजकूर लिहिणारी जाले पुनर्वापराच्या बाबतीत सर्वांत दरिद्री आहेत: प्रत्येक नव्या शब्दखंडासाठी सर्व भारांक पुन्हा वाचावे लागतात. मेटा कंपनीचे २०२३ सालचे ‘लामा २’ घ्या. त्याच्या सर्वांत छोट्या आवृत्तीत सुमारे ७०० कोटी भारांक आहेत. प्रत्येकी दोन बाइट धरले तर १,४०० कोटी बाइट झाले. एन्व्हिडियाच्या २०२२ सालच्या एच१०० या शक्तिमान चिपची मेमरी सेकंदाला ३.३५ लाख कोटी बाइट देते. भागाकार केला तर एका शब्दखंडामागे नुसत्या वाचनालाच ४.२ मिलिसेकंद जातात. त्याच शब्दखंडाची आकडेमोड मात्र त्या चिपला पूर्ण वेगाने ०.०१४ मिलिसेकंदात उरकता येईल. एकच माणूस प्रश्न विचारत असेल तर हे महागडे यंत्र तीनशेत दोनशे नव्व्याण्णव भाग वेळ वाट पाहते. शेकडो जणांचे प्रश्न एका गठ्ठ्यात बांधले की भारांकांचा खर्च वाटला जातो. पण ज्याच्या-त्याच्या संभाषणाची जी स्मृती जालाला जवळ ठेवावी लागते, ती दुसऱ्याच्या कामाची नसते. तेथे पुनर्वापर पुन्हा संपतो. प्रचंड संगणककेंद्रांनाच ही जाले स्वस्तात का चालवता येतात आणि एकट्या माणसाच्या टेबलावर ती का रेंगाळतात, याचे एक मोठे कारण या भागाकारात आहे.

वर्गात करून पाहावे

या विषयासाठी यंत्र लागत नाही. नऊ मुले आणि चिठ्ठ्या पुरेत. ३ × ३ च्या दोन कोष्टकांचा गुणाकार करायचा आहे. त्यात २७ गुणाकार येतात. प्रत्येक वेळी दोन्ही आकडे टेबलावरून आणले तर ५४ खेपा होतात. आता नऊ मुलांना तीन ओळींत चौकोनात बसवा. पहिल्या कोष्टकाचे आकडे डावीकडून आणि दुसऱ्याचे समोरून, प्रत्येक टाळीला एक, असे द्या. दुसरी ओळ आणि दुसरी रांग एक टाळी उशिरा सुरू करायची, तिसरी दोन टाळ्या उशिरा. हाती आलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार आपल्या बेरजेत मिळवायचा आणि चिठ्ठ्या शेजाऱ्याला द्यायच्या. सात टाळ्यांत गुणाकार पुरा होतो आणि टेबलावरच्या खेपा होतात फक्त १८, कारण मुळात आकडेच १८ आहेत.

मग दुसरा खेळ घ्या. त्याच ३ × ३ कोष्टकाने तीन आकड्यांची एकच रांग गुणायची. गुणाकार नऊ आणि कोष्टकाचे आकडेही नऊ. मुलांना हवे तसे बसवा, टाळ्या जलद वाजवा, आणखी मुले बोलवा. नऊ चिठ्ठ्यांच्या नऊ खेपा कोणालाही टाळता येणार नाहीत. मुलांनी थोडा वेळ धडपड करावी आणि मग एखाद्याने म्हणावे, ‘सर, आणखी रांगा असतील तरच जमेल.’ तेथे धडा संपला.

वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी आणखी एक पायरी. चिपमध्ये जागा असेल तेवढा, समजा १० × १० चा, उत्तराचा तुकडा धरला तर दर पावलाला २० आकडे आणून १०० गुणाकार होतात. २० × २० चा धरला तर ४० आकड्यांत ४००. म्हणजे जागा चौपट केली तेव्हा प्रत्येक आकड्याचा वापर दुप्पटच झाला. कुंग आणि हाँग यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले की कोष्टकांच्या नेहमीच्या गुणाकारात याहून मूलतः चांगला सौदा कोणत्याही युक्तीने मिळत नाही. चिपवरची मेमरी वाढवत राहणे हाही अखेरचा उपाय नव्हे, तो यामुळेच.

उद्या शाळेसाठी संगणक घ्यायचा असेल किंवा एखाद्या नव्या यंत्राची जाहिरात मुले घेऊन आली, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. सेकंदाला इतके लाख कोटी, हे कोणत्या कामासाठी? त्या कामात आणलेला आकडा किती वेळा वापरला जातो? आणि तो वेग गाठण्यासाठी किती जणांना रांगेत उभे केले? टीपीयूचा निबंध दोषांसकट वाचनीय आहे, कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या आत आहेत. सारांशावर थांबणाऱ्याला ती मिळत नाहीत, इतकेच.